लोटावा कीं उडवावा? : गोल्फमधील एका जुन्या निवडीचा इतिहास

चेंडू भोंकापासून वीस-पंचवीस पावलांवर येऊन थांबला आहे. भोंकाभोंवतालची बारीक कापलेली हिरवळ, जीस गोल्फ खेळणारे 'ग्रीन' म्हणतात, ती चेंडूच्या पुढें दोन-चार पावलांवर सुरू होते. आतां खेळणारानें काय करावें? 'पटर' नांवाच्या उभ्या तोंडाच्या काठीनें चेंडू जमिनीवरूनच लोटीत न्यावा. किंवा लोखंडी काठीनें किंचित् उचलून हिरवळीच्या कडेवर टाकावा आणि उरलेली वाट घरंगळूं द्यावा. किंवा 'वेज' नांवाच्या अति तिरप्या तोंडाच्या काठीनें उंच उडवून भोंकाजवळ अलगद उतरवावा. पट, चिप आणि पिच अशीं या तीन रीतींचीं नांवें आहेत. तिन्ही रीतींनीं चेंडू भोंकाजवळ जाऊं शकतो, आणि तिन्ही रीतींनीं फजितीहि होऊं शकते.

गोल्फ हा सवडीच्या व संपन्न लोकांचा खेळ. त्यांतल्या एवढ्याशा प्रश्नाचा इतिहास तो काय लिहावयाचा, अशी शंका कांहीं वाचकांस येईल. तिचें उत्तर असें कीं, मनुष्याची निवड ही त्याच्या बुद्धीइतकीच त्याच्या हातांतील साधनांनीं ठरते, हा इतिहासाचा नेहमींचा सिद्धांत या लहानशा प्रकरणांत फार स्वच्छ दिसतो. एखाद्या राज्यक्रांतीचीं कारणें शेंकडों असतात. येथें चेंडू, गवत व लोखंड हीं तीनच आहेत. शिवाय, एकदां होऊन गेलेल्या निवडीचा न्याय कसा करावा, हा जो इतिहासलेखकांपुढील कठीण प्रश्न, तोहि येथें उघड्या मैदानावर हजारों प्रेक्षकांसमक्ष उभा राहतो.

प्रथम जमिनीचा विचार करूं. ज्या भूमींत हा खेळ वाढला ती स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरची 'लिंक्स' नांवाची पट्टी होय. समुद्र आणि शेतजमीन यांच्या मधली ही वाळूची, उंचसखल, वाऱ्यानें झोडपलेली जागा नांगरास निरुपयोगी. तींत मेंढ्या चरत आणि ससे बिळें करीत. माती रेताड असल्यामुळें पाणी सांचत नाहीं, गवत आखूड राहतें, आणि पडलेला चेंडू रुतून न बसतां धांवतो. इ. स. १४५७ मध्यें राजा दुसरा जेम्स याच्या पार्लमेंटानें फुटबॉल व गोल्फ या दोन्ही खेळांस बंदी केली, कारण त्यांच्या पायीं लोक धनुर्विद्येचा सराव सोडूं लागले होते. त्यापूर्वींच हा खेळ बराच पसरला असला पाहिजे, हें या बंदीवरून उघड होतें.

परंतु त्या काळीं आजच्यासारखी निगा राखलेली हिरवळ होती असें समजूं नये. एडिंबरोजवळील लीथ येथील खेळाडूंनीं १७४४ मध्यें तेरा नियम केले. उपलब्ध नियमांत हेच सर्वांत जुने होत. त्यांतील पहिलाच नियम असा कीं, खेळाचा आरंभ करतांना चेंडू भोंकापासून एका काठीच्या लांबीच्या आंत मांडावा. म्हणजे एक होल संपला कीं त्याच भोंकाशेजारून पुढच्या होलचा तडाखा मारावयाचा! जेथें एकानें श्वास रोधून चेंडू हळूच लोटावयाचा, तेथेंच दुसऱ्यानें पाय रोवून माती उडवावयाची. अशा तुडविलेल्या जागेवर लोटण्याची कला फारशी नाजूक होणें शक्य नव्हतें. गोट्यांच्या खेळांतील गलीभोंवतालची जागा डोळ्यांपुढें आणली म्हणजे या स्थितीची कल्पना येईल.

चेंडूची गोष्ट याहून महत्त्वाची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चेंडू पिसांचा असे. ओल्या चामड्याच्या लहानशा पिशवींत टोपीभर उकडलेलीं पिसें ठांसून भरीत व ती शिवून टाकीत. वाळतांना चामडें आवळे आणि आंतलीं पिसें फुगत, त्यामुळें चेंडू दगडासारखा टणक होई. कुशल कारागिराच्या हातून दिवसाकाठीं तीन-चार चेंडू उतरत. अर्थात् ते महाग असत. हा चेंडू पाण्यानें भिजला कीं जड होई, आणि लोखंडी काठीचें पातें चुकून लागलें कीं शिवणीवर फाटे. म्हणून लोखंडाच्या काठ्या थोड्या व नाइलाजाच्या. बाकी सगळा खेळ लाकडी काठ्यांनीं. हिरवळीजवळून चेंडू उचलावयाचा तर 'बॅफिंग स्पून' नांवाची आखूड, तिरप्या तोंडाची लाकडी काठी घेत आणि तिनें चेंडूच्या किंचित् मागची जमीन ठोकून चेंडू वर काढीत. या स्थितींत चेंडू लोटावा कीं उडवावा, हा प्रश्न बऱ्याच अंशीं पैशाच्या पिशवीनेंच सोडविलेला असे.

या बंधनास पहिला धक्का दिला तो त्या धंद्यांतीलच एका मनुष्यानें. सेंट अँड्र्यूज येथील ॲलन रॉबर्टसन (१८१५–१८५९) हा पिसांचे चेंडू करणारा कारागीर आणि आपल्या काळचा सर्वश्रेष्ठ खेळाडू. 'क्लीक' नांवाच्या अरुंद लोखंडी काठीनें चेंडू जमिनीलगत धांवडवीत हिरवळीवर आणण्याची रीति त्यानें रूढ केली, असें त्या खेळाचे इतिहासकार सांगतात. चेंडूचा धनी जो, त्यासच चेंडूची सर्वांत कमी भीति वाटावी, हें स्वाभाविकच होय.

१८४८ च्या सुमारास गटापर्चाचा चेंडू आला आणि सगळा हिशेब पालटला. या चेंडूविषयीं एक आख्यायिका आहे. सेंट अँड्र्यूजच्या पॅटर्सन नांवाच्या कुटुंबाकडे पूर्वेकडून एक विष्णुमूर्ति आली. वाटेंत ती फुटूं नये म्हणून तिच्याभोंवतीं गटापर्चाचे तुकडे भरले होते. ते तापवून व वळून घरांतील तरुणानें पहिला चेंडू केला, असें सांगतात. भगवान् विष्णूचे अवतार पुराणांत मोजलेले आहेत, त्यांत हा बसवावा कीं नाहीं हें आम्ही वाचकांवर सोंपवितों. गटापर्चा हा मलायाकडील झाडांचा चीक, एवढें मात्र निर्विवाद आहे. तो गरम पाण्यांत मऊ होतो, हातानें वळतां येतो. चेंडूस खोंच पडली तर तो पुन्हां तापवून नवा करतां येतो. किंमत एकदम उतरली. पिसांच्या चेंडूवर ज्याचें पोट, त्या रॉबर्टसनला हें रुचलें नाहीं. आणि त्याचा शिष्य व सहकारी टॉम मॉरिस (१८२१–१९०८) नव्या चेंडूनें खेळला म्हणून दोघांचें बिनसलें. १८५१ मध्यें टॉम सेंट अँड्र्यूज सोडून प्रेस्टविकला गेला. पुढें रॉबर्टसननेंहि गटापर्चा स्वीकारला, यांत नवल नाहीं.

लोखंडानें न फाटणारा चेंडू मिळाला तेव्हां लोखंडास नवें काम सांपडलें. गाडीच्या चाकोरींत पडलेला चेंडू काढण्यासाठीं लहान, जड, तिरप्या तोंडाची एक काठी असे. थोरल्या टॉमचा मुलगा धाकटा टॉम मॉरिस (१८५१–१८७५) यानें ही चाकोरींतली काठी चांगल्या गवतावरहि वापरावयास आरंभ केला आणि तिनें चेंडू उंच उडवून भोंकाजवळ थांबवूं लागला. १८६० मध्यें प्रेस्टविक येथें सुरू झालेल्या 'ओपन' स्पर्धेचें अजिंक्यपद त्यानें १८६८ सालीं, वयाच्या सतराव्या वर्षीं, मिळविलें. पुढें १८६९, १८७० व १८७२ मध्येंहि तें त्याचेंच राहिलें. चोविसाव्या वर्षीं तो वारला. अशा प्रकारें पंचवीस-तीस वर्षांच्या आंत, एकाच गांवांत, दोन संप्रदाय उभे राहिले : रॉबर्टसनचा लोटण्याचा आणि धाकट्या टॉमचा उडविण्याचा. पुढील दीडशें वर्षांतील वाद हे याच दोन संप्रदायांचे वाद आहेत.

मधल्या काळांत थोरला टॉम सेंट अँड्र्यूजला परत येऊन मैदानाचा रक्षक झाला होता. त्यानें हिरवळींवर वाळू पसरून गवत दाट केलें आणि भोंकाभोंवतालच्या जागेस स्वतंत्र काळजीचा मान मिळवून दिला. इंग्लंडांत एडविन बडिंग यानें १८३० मध्यें गवत कापण्याच्या यंत्राचें पेटंट घेतलें होतें. तें यंत्र सुधारत गेलें तशी हिरवळ अधिकाधिक गुळगुळीत झाली आणि लोटलेला चेंडू विश्वासानें धांवूं लागला. सेंट अँड्र्यूजची अठरावी हिरवळ थोरल्या टॉमचीच रचना. तिच्या पुढील डाव्या अंगास एक खोलगट जागा आहे. तिला 'व्हॅली ऑफ सिन', म्हणजे पापाची दरी, असें नांव पडलें आहे. या दरीकडे आपणांस पुन्हां वळावयाचें आहे.

आपल्या देशाचाहि या इतिहासाशीं जुना संबंध आहे. कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ मध्यें स्थापन झाला. ब्रिटिश बेटांबाहेर त्याहून जुना क्लब नाहीं. मुंबईस असा क्लब १८४२ मध्यें निघाला. दोन्ही सालें गटापर्चाच्या पूर्वींचीं आहेत. भिजल्यानें निकामी होणारा चामड्याचा चेंडू आणि आपल्याकडचा पाऊस यांचें कसें जमलें असेल, हें निराळें सांगावयास नको. पुढें, जेथें पाणी कमी तेथें, गवताच्या हिरवळीऐवजीं तेल घालून दाबलेल्या वाळूचे 'ब्राऊन' या देशांत पुष्कळ ठिकाणीं करीत. जशी जमीन तसा फटका, हा नियम त्या वाळूवरहि खोटा ठरत नाहीं.

विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर तिसरा चेंडू आला. अमेरिकेंतील कोबर्न हॅस्केल यानें १८९८ मध्यें रबराच्या धाग्यांचा गाभा असलेला चेंडू काढला आणि १९०२ सालीं हॉयलेक येथें सँडी हर्ड यानें तो घेऊन ओपन जिंकली. हा चेंडू फार उसळे. त्यास थांबविणें कठीण. त्याच सुमारास अमेरिकेंत समुद्रापासून दूर, मऊ मातीवर, पाणी दिलेल्या हिरवळींचीं मैदानें होऊं लागलीं. तेथें वाटेंतील गवत चेंडू अडवी, पण हिरवळीवर उंचावरून पडलेला चेंडू थांबे. उडविण्याच्या संप्रदायास त्याची भूमि मिळाली. साधन मात्र अपुरें होतें. अरुंद पात्याची तिरपी काठी मऊ जमिनींत किंवा वाळूंत कुऱ्हाडीसारखी रुते. १९३० च्या आगेंमागें पोटाशीं खोलगट तोंड असलेली एक काठी निघाली, ती चेंडू चमच्यासारखा उचलून टाकी. तिजवर १९३१ मध्यें बंदी आली. नंतर जीन सॅराझेन यानें काठीच्या तळाशीं मागील बाजूस धातूचा जाड फुगवटा चढविला. विमान वर चढतांना त्याच्या शेपटाची पट्टी हलते, तें पाहून ही कल्पना सुचल्याचें तो सांगे. या फुगवट्यामुळें पातें जमिनींत न घुसतां तिच्यावरून घसरतें. १९३२ मध्यें सँडविचजवळील प्रिन्सेस मैदानावर त्यानें ओपन जिंकली, आणि आजची 'सँड वेज' जन्मास आली.

येथें एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. साधन सुधारून निवड अगदीं सोपी होऊं लागली कीं नियम करणारे आडवे येतात. खोलगट काठी गेली ती याचमुळें. अमेरिकेनें १९३८ मध्यें व ब्रिटननें १९३९ मध्यें एका खेळाडूस चौदाहून अधिक काठ्या नेण्याची मनाई केली, कारण प्रत्येक अंतरास व प्रत्येक अडचणीस स्वतंत्र काठी बाळगणारे निघाले होते. २०१० पासून मोठ्या स्पर्धांत काठीच्या तोंडावरील खांचांवर मर्यादा घालण्यांत आली, कारण खोल व धारदार खांचांमुळें लांब गवतांतून उडविलेला चेंडूहि उलट्या भोंवऱ्यानें जागच्या जागीं थांबूं लागला होता. यांत केवळ जुन्याचा हट्ट आहे असें आम्हांस वाटत नाहीं. हत्यार सर्व कांहीं करूं लागलें तर चेंडू कोठें पडला आहे याकडे पाहण्याचें कारणच उरणार नाहीं, आणि पारख हाच ज्या खेळाचा प्राण तो खेळ नुसत्या बळाचा होईल.

आतां या पारखेचें जुनें सूत्र काय, तें सांगतों. लोटतां येत असेल तोंवर उचलूं नये. उचलावाच लागला तर थोडा उचलावा. उंच उडविणें हा शेवटचा उपाय. याचें कारण गणिताचें आहे. उभ्या तोंडाच्या लोखंडी काठीनें मारलेला चेंडू एक हिस्सा हवेंतून गेला तर दोन-तीन हिस्से घरंगळतो; अति तिरप्या काठीचा चेंडू बहुतेक वाट हवेंतूनच कापतो. चेंडू जितका हवेंत, तितकी झोंक मोठी. आणि झोंक जितकी मोठी, तितकी एका केसाच्या चुकीची शिक्षा मोठी. वाईट लोटलेला चेंडू भोंकापासून आठ-दहा फुटांवर राहील. वाईट उडविलेला चेंडू एक तर पायाशींच पडेल, नाहीं तर हिरवळीपलीकडे जाईल. म्हणून सुज्ञ खेळाडू सर्वोत्तम फटका कोणत्या रीतीनें साधेल हें विचारीत नाहीं. कोणत्या रीतीची चूक सोसवेल, हें विचारतो. अर्थात् वाटेंत खड्डा किंवा लांब गवत असेल, अथवा भोंक जवळच्या कडेस असेल, तर लोटण्याची वाट बंदच होते.

या सूत्राची परीक्षा पापाच्या दरीपाशीं दोनदां झाली. १९७० च्या ओपनमध्यें डग सँडर्स यास अठराव्या होलवर चार फटके पुरेसे होते. दुसरा फटका सुमारें पाऊणशें यार्डांचा. त्यानें तो उडविला. चेंडू दरी ओलांडून भोंकाच्याहि बराच पुढें गेला. पहिला पट अपुरा पडला, आणि तीन फुटांहून कमी अंतराचा दुसरा चुकला. बरोबरी झाली, व दुसऱ्या दिवशींच्या सामन्यांत जॅक निक्लॉस यानें ७२ विरुद्ध ७३ असें त्यास एका फटक्यानें हरविलें. पुढें १९९५ मध्यें इटलीचा कॉस्टँटिनो रोका याच जागीं आला. जॉन डेलीशीं बरोबरी करण्यास त्यास तीनच फटके होते. हिरवळीजवळून त्यानें चेंडू उचलावयास पाहिलें. काठी जमिनीस लागली, चेंडू दोन पावलें सरकून दरींत उतरला. मग त्यानें पटर घेतला आणि साठ फुटांवरून, दरीचा चढ चढवून, चेंडू भोंकांत घातला. जादा होलांत डेली जिंकला. परंतु प्रेक्षकांस आठवतो तो रोकाचा तो पट.

हीं दोन उदाहरणें वाचून सूत्र सिद्ध झालें असें कोणी म्हणेल, तर त्यानें टॉम वॉटसनचा इतिहास पाहावा. १९८२ मध्यें पेबल बीच येथील यू. एस. ओपनच्या शेवटच्या दिवशीं सतराव्या होलवर त्याचा चेंडू हिरवळीच्या डावीकडील लांब गवतांत पडला. लोटणें अशक्य, त्यानें वेजनें चेंडू हलकेच उचलला आणि तो थेट भोंकांत गेला. निक्लॉस पराभूत झाला. २००९ सालीं टर्नबेरी येथें हाच वॉटसन, साठीस दोन महिने कमी असतां, ओपनच्या शेवटच्या होलवर एका फटक्यानें पुढें होता. जिंकता तर थोरल्या टॉम मॉरिसनें १८६७ मध्यें वयाच्या ४६ व्या वर्षीं केलेला वडीलकीचा विक्रम मोडता. त्याचा दुसरा फटका हिरवळीवर पडून मागील कडेबाहेर घरंगळला. त्यानें पटर घेतला. चेंडू भोंकापुढें आठेक फूट गेला. परतीचा पट चुकला. बरोबरी झाली, आणि चार जादा होलांत स्टुअर्ट सिंक यानें त्यास सहा फटक्यांनीं मागें टाकलें. त्यानें चिप करावयास हवी होती, असें पुष्कळांनीं मग सांगितलें.

आमचें मत निराळें आहे. ज्यानें जुनें सूत्र मोडलें तो सँडर्स हरला, ज्यानें पाळलें तो वॉटसनहि हरला. तेव्हां निकालावरून निवडीचा न्याय करतां येत नाहीं, हेंच या दोन प्रसंगांचें तात्पर्य. पानिपताच्या मोहिमेचें असेंच झालें आहे. १७६१ नंतर सदाशिवरावभाऊंच्या प्रत्येक पावलांत दोष शोधणारे पुष्कळ निघाले. तींच पावलें विजयास पोंचतीं तर त्यांसच आपण धोरण म्हटलें असतें. लिहिणाऱ्यास शेवट ठाऊक असतो, करणाऱ्यास नसतो. म्हणून करणाऱ्यास त्या घटकेस जें दिसत होतें तेवढ्यावरच त्याचा न्याय झाला पाहिजे. वॉटसनपुढें बारीक गवत होतें, मध्यें अडथळा नव्हता, आणि दोन फटक्यांत चेंडू आंत घालावयाचा होता. निवड योग्य होती. जोर अधिक झाला. निवडीचा दोष आणि हाताचा दोष या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या नाहींत तर आपण मोठा अन्याय करूं.

मग सूत्राचा उपयोग काय, असें विचारतां येईल. उपयोग शंभर प्रसंगांचा आहे, एकाचा नाहीं. शंभर वेळां लोटणारा शंभर वेळां उडविणाऱ्याहून कमी फटके घेईल. एकशें एकाव्या वेळेविषयीं सूत्र बोलत नाहीं. आणखी असें कीं, निवड खरी त्याचीच, ज्यास सर्व रीति साधल्या आहेत. स्पेनचा सेव्हे बॅलेस्टेरोस लहानपणीं पेद्रेन्याच्या समुद्रकांठीं एकाच लोखंडी काठीनें खेळून शिकला. तिनेंच लोटावें, तिनेंच उडवावें, तिनेंच वाळूंतून काढावें. १९७६ मध्यें, एकोणीस वर्षांचा असतां, बर्कडेल येथील ओपनच्या शेवटच्या हिरवळीपाशीं त्याच्यापुढें दोन बंकर होते. बंकरांवरून उडविण्याची वाट कोणासहि सुचती. त्यानें दोहोंच्या मधल्या अरुंद पट्टींतून चेंडू जमिनीलगत धांवडविला व भोंकाजवळ नेऊन निक्लॉसबरोबर दुसरा क्रमांक मिळविला. तो फटका ॲलन रॉबर्टसनला तत्काळ ओळखूं आला असता.

पिसांचा चेंडू गेला, गटापर्चा गेला, मेंढ्या जाऊन यंत्रें आलीं, आणि पिशवींत चौदा काठ्या झाल्या. चेंडूजवळ उभें राहून पुढची जमीन न्याहाळण्याचें काम मात्र कोणत्याहि काठीनें अद्याप अंगावर घेतलेलें नाहीं. आणि नियम करणाऱ्यांनीं आपला पहारा असाच ठेवला तर तें पुढेंहि खेळणाराकडेच राहील.